बिराजदार सरांच्या शेजारी

बिराजदार सरांचे किस्से माझ्याकडे इतके साठलेत, की आता ऐकणारेच कमी पडायला लागलेत. नांदेडच्या आमच्या बी.एड. कॉलेजात सर समावेशक शिक्षण शिकवायचे. म्हणजे अपंग मुलांना वेगळं न काढता गावातल्याच शाळेत, सगळ्यांसोबत बसवायचं. नुसतं शिकवून ते थांबायचे नाहीत. एसटी पकडून शाळाशाळांत जायचे आणि सोबत मला न्यायचे. मी कॉलेजात शिकवायला नवीनच लागले होते, नाही म्हणायची सोय नव्हती.

मागच्या वर्षी सर वारले. मीही आता रिटायर झालेय. मुलीला फोनवर सांगायला लागले की ती म्हणते, "आई, हा झालाय सांगून." तरी सांगते.

*

कंधारजवळच्या एका शाळेत हेडमास्तरांनी आमचं जोरात स्वागत केलं. चहा झाला. मग ते अभिमानाने म्हणाले, की आमच्याकडे तुम्हाला काही त्रास नाही, आमच्या शाळेत एकही अपंग मूल नाही.

सरांनी बशी खाली ठेवली. "आणि गावात?"

"गावात हायत की. सहा-सात तरी असतील."

सर उठून दाराशी जाऊन उभे राहिले. हेडमास्तर आधी हसले, मग हसायचे थांबले, मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. त्या दुपारी आम्ही तिघं चार घरं फिरलो.

*

मुदखेडकडच्या एका शाळेत चौथीत एक मुलगी होती. तिला ऐकू येत नव्हतं. पहिल्याच रांगेत बसायची. सरांनी हजेरीपट मागितला, तर जूनपासून तिच्या नावापुढे रोज गैरहजर.

गुरुजी माणूस प्रामाणिक. म्हणाले, "नाव घेतल्यावर ती हजर म्हणतच न्हाई. मी काय करू?"

ती तर तुमच्या समोरच बसलीय, असं सरांनी दाखवलं. गुरुजींनी ते मान्य केलं. रोज बसते म्हणाले. पण नियमाने बोलायला पाहिजे ना!

सरांनी वाद घातला नाही. उद्यापासून सगळ्या वर्गाने तोंडाने न बोलता हात वर करायचा, एवढंच ठरवून दिलं. तिचं नाव गुरुजींच्या ओठांवर कसं दिसतं, ते तिला अर्धा तास समोर बसवून शिकवलं. महिन्याने परत गेलो, तर तिची हजेरी पूर्ण भरलेली. गुरुजी मात्र थोडे पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "वर्ग लई शांत झालाय सर. आता मलाच करमत न्हाई."

*

उदगीरच्या पुढे एका वस्तीवर एक मुलगी होती, नऊ वर्षांची. मान सावरायची नाही, आई कडेवर घेऊन फिरायची. वडील काही केल्या ऐकेनात. हिला शाळेत घालून काय उपयोग, शिकून काय करणार हाय ही, असं त्यांचं एकच पालुपद.

सरांनी थोरल्या दोन मुलांची चौकशी केली. एक बी.ए. झालेला, दुसरा डी.एड.

"काय करून राहिलेत आता?"

वडिलांनी ओट्याकडे पाहिलं. दोघंही मोबाइल बघत बसले होते. "काहीच न्हाई."

"मग हिनंही शिकून काही नाही केलं, तर तुमची काय हरकत आहे?"

आत चुलीपाशी मुलीची आई मोठ्याने हसली. वडील हसले नाहीत, पण सोमवारी तेच तिला खांद्यावर घेऊन शाळेत आले.

*

कॉलेजात मात्र सरांना सोबत नव्हती. स्टाफरूममध्ये सगळे टेबलाच्या एका टोकाला डबे उघडायचे आणि सर दुसऱ्या टोकाला. भांडण काहीच नव्हतं. सरांच्या शेजारी बसलं की जेवण होईपर्यंत एखादी शाळा गळ्यात पडायची, म्हणून लोक टाळायचे. खरं सांगायचं तर दोन-तीन वर्षांनी मीही टाळायला लागले.

एकदा मी डबा घेऊन बाकीच्यांच्या टोकाला निघाले होते. सर म्हणाले, "वाघमारे बाई, इथं बसा. आज काही काम सांगत नाही."

मी बसले. त्यांनी खरंच काम सांगितलं नाही. माझी भाजी कशाची ते विचारलं, स्वतःची दाखवली. मेथीत दाण्याचा कूट किती घालावा यावर आम्ही अर्धा तास बोललो. घंटा झाली, तरी सर डब्याचं झाकण लावत नव्हते.

*

रिटायर झाल्यावर सर लातूरला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या पत्नी आधीच वारल्या होत्या. मुलगा-सून दोघं नोकरीला, दिवसभर घरी सर एकटे. हळूहळू ते विसरायला लागले. आधी नावं, मग रस्ते. फोन केला तर नुसतं हं हं करायचे. म्हणून एकदा मी सरळ एसटीत बसले आणि लातूर गाठलं.

घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "शाळेत असतील, गल्लीच्या टोकाला." मला बरं वाटलं. वाटलं, अजून शाळेत जातात, मार्गदर्शन करत असतील.

सर दुसरीच्या वर्गात होते. सतरंजीवर, मुलांच्या रांगेत, मांडीवर वही. फळ्यावरचे शब्द उतरवून घेत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. साहेब तपासायला आल्यावर पोरं बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वही जवळ ओढली. मी माझं नाव सांगितलं. त्यांना काही आठवलं नाही.

वर्गाच्या बाई अवघडल्या होत्या. पंधरा दिवस झाले रोज येतात, घरी सोडलं तरी परत येतात, एखाद्या पालकाने तक्रार केली तर मी काय सांगू, असं म्हणत होत्या. त्यांचंही चूक नव्हतं. मी त्यांची माफी मागितली आणि सरांचा हात धरला. म्हटलं, "चला सर, घरी जाऊ."

सर उठेनात. त्यांच्या शेजारी दोन वेण्यांची एक मुलगी बसली होती. तिने सरांच्या वहीवर आपला हात ठेवला आणि मला म्हणाली, "नेऊ नका त्यांना. त्यांचं लिहून व्हायचंय अजून. त्यांना जरा टाइम लागतो."