फ्यूज माझ्या मुठीत

भंगारवाल्याच्या आवारातून पिनबॉलचं मशीन आमच्या बोईसरच्या घरी आलं, तेव्हा ते पडवीत उतरवून टेम्पोवाल्याने हात झटकले. "ताई, हा रस्ताभर वाजत आलाय. तुमी बघा काय हाय ते," म्हणाला. आतली लोखंडी गोळी घरंगळून घंट्यांवर आपटत होती, एवढंच. पण मी कुकरच्या शिट्टीला दचकणारी बाई. 

मशीन सासऱ्यांना हवं होतं. तारापूरच्या कारखान्यांत त्यांनी आयुष्यभर विजेचं काम केलं. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात जेमतेम सावरला, आणि तेव्हापासून घरात कुणी त्यांना साधा बल्ब बदलू देत नव्हतं. म्हणून कुठल्याशा बंद पडलेल्या रिसॉर्टचं हे धूड त्यांनी हट्टाने आणलं. दिवे लागायचे, गोळी जरा जोरात आपटली की सगळं बंद. तार कुठेतरी ढिली आहे आणि ती आपणच शोधणार, असं त्यांनी जाहीर केलं. नवऱ्याने मान डोलावली आणि तो पाळीवर निघून गेला. उरले मी.

कारखान्यातला त्यांचा एक नियम होता. काम सुरू करण्याआधी फ्यूज काढून भरवशाच्या माणसाच्या हातात द्यायचा. त्याने तिथून हलायचं नाही, आणि काम संपल्यावर त्यानेच तो परत बसवायचा. मशीनची पिन आमच्याकडे बसत नव्हती म्हणून वायर थेट बोर्डालाच जोडलेली होती. सासऱ्यांनी पडवीचा चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "सूनबाई, आता माझा जीव तुझ्या मुठीत," म्हणाले आणि हसले. मला कसलं हसू येतंय.

त्यांनी वरची काच सरकवली आणि आत वाकले. टेस्टर लावून पाहिला, तो पेटला नाही. मग हाताच्या मागच्या बाजूने एकेक तार चाचपू लागले. तळहात लावला तर विजेने बोटं मिटतात आणि माणूस तारेला चिकटतो, हे त्यांनी मला अगदी सहज सांगितलं, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसं.  मी मूठ आणखी घट्ट आवळली.

डाव्या हाताने त्यांनी तारांचा जुडगा हलवला आणि मशीनचे सगळे दिवे लागले. घंटा वाजली. सासरे क्षणभर तारेलाच चिकटले, मग हिसका बसून मागच्या खाटेवर आदळले.

विजेला चिकटलेल्या माणसाला कोरड्या लाकडाने ढकलायचं, हे मला शाळेपासून पाठ आहे. लाटणं स्वयंपाकघरात, चार पावलांवर होतं. पण माझे पाय हलले नाहीत. हातात फ्यूज असताना दिवे लागतात कसे, एवढंच डोक्यात घुमत होतं. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

त्यांनी डोळे उघडले. आधी स्वतःचा हात पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "फ्यूज घातलास?"

मी मूठ उघडून दाखवली. फ्यूज तिथेच होता, घामाने ओला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. अर्धांगाचा झटका आला त्या दिवशीही ते इतके घाबरलेले दिसले नव्हते.

खरं कारण संध्याकाळी नवऱ्याकडून कळलं. सासरे इस्पितळात असताना त्याने इन्व्हर्टर बसवला होता, तो आम्हाला ठाऊक होता. पण पडवीची लाइनही त्यावर टाकल्याचं तो सांगायला विसरला होता. फ्यूज निघाला तरी बॅटरीची वीज येतच होती; ढिली तार तेवढी सुटलेली होती म्हणून टेस्टर पेटला नाही, आणि जुडगा हलवताच ती जुळली. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. 

मशीन आता भंगारात जाणार, अशी माझी खात्री होती. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी इन्व्हर्टर बंद केला, बोर्डातून वायरच सोडवली, आणि तरीही आत हात घालण्याआधी थांबले.  मी सवयीने तळहात पुढे केला.

"फ्यूज राहू दे," म्हणाले. "लाटणं घेऊन ये, आणि माझ्याजवळ उभी राहा."