पहाऱ्याच्या केबिनबाहेरचे चार सेकंद

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळ्या बायकांच्या यादीत टाकणार नाही. मी नॉइज अँड व्हायब्रेशन इंजिनियर आहे. जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात काम करते. नव्या गाडीत कुठेतरी बारीक ‘टिक’ असं वाजतं, आणि ते नेमकं कुठून येतंय हे शोधायचा मला पगार मिळतो. कधी दारातली वायर असते, कधी डॅशबोर्डमागची क्लिप... पण असतं काहीतरी, आणि सापडतंच. या सदरातल्या कितीतरी अनुभवांखाली ‘खिडकीचं रबर तपासा’, ‘पाइपात हवा असेल’ अशा कॉमेंट मीच टाकल्या आहेत. ज्यांना तेव्हा राग आला होता त्यांनी आज खुशाल हसून घ्यावं.

ही गोष्ट माझ्या सासऱ्यांची आहे. गेल्या सप्टेंबरमधली.

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या फायर सेक्शनमधून रिटायर झालेत. चोवीस-पंचवीस वर्षं उसाच्या चिपाडाचे ढीग पेटू नयेत म्हणून राखण केलेला माणूस. सासूबाईंना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. त्या गेल्यापासून बाबा बोलायचेच कमी झाले. त्यातही एक विचित्र सवय लागली होती – घरातून बाहेर पडताना कुणाला काही सांगायचंच नाही. चपला घालायच्या आणि चालू पडायचं. सागर, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा वय झालंय. मला वाटायचं, आमच्यावर रागावलेत.

ऑगस्टमध्ये ते दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. इतकी वर्षं ‘या, या’ म्हणून आम्ही मागे लागलो तेव्हा आले नाहीत, आणि आता आपणहून. आम्ही खूश. पंधरा दिवसांनी इन्शुरन्सचा कागद शोधताना त्यांच्या बॅगेत मला मिरजेच्या डॉक्टरांचा रिपोर्ट सापडला. आतड्यात गाठ होती. सुरुवातीची स्टेज, लवकर ऑपरेशन केलं तर बरं व्हायची चांगली शक्यता... हे सगळं लिहिलेलं होतं आणि बाबांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी तो कागद त्यांच्यासमोर ठेवला. सौम्यपणे वगैरे नाही, आदळलाच.

“हे काय आहे बाबा?”

“वाचलंस नव्हं?” ते म्हणाले. “मग?”

“मग काय मग! ऑपरेशन कधी करायचं?”

“कशाला गं पोरी आता चिरफाड. तुम्हाला डोळं भरून बघितलं. झालं की.”

म्हणजे ते आम्हाला भेटायला नव्हे, निरोप घ्यायला आले होते. सागर बाथरूममध्ये जाऊन रडला. मी रडले नाही, मी भांडले. तीन आठवडे रोज भांडले. इथे ऑपरेशन करू म्हटलं, तर “नको”. तिकीट बदलून लगेच जाऊ म्हटलं, तर “बघू”. त्यांचं ‘बघू’ म्हणजे नाही, हे सागरने मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं.

श्वार्त्सवाल्डच्या जंगलातल्या त्या केबिनचं बुकिंग या सगळ्याच्या आधी केलेलं होतं. आमच्याकडून गाडीने दोन-अडीच तास, मग चाळीस मिनिटांची सोपी चढण. डोंगराच्या अगदी माथ्यावर दगडी जोत्यावरची चौकोनी लाकडी खोली, चारही बाजूंना काचा. पूर्वी उन्हाळ्यात जंगलात वणवा लागतोय का ते बघायला इथे एक माणूस दिवसरात्र राहायचा. खोलीच्या मधोमध गोल टेबल, त्यावर परिसराचा नकाशा आणि फिरणारी पितळी पट्टी. धूर दिसला की पट्टी तिकडे रोखायची, दिशेचा आकडा वाचायचा आणि खाली कळवायचा. आता पहारा नाही, एक गिर्यारोहण मंडळ ती खोली रात्रभरासाठी देतं. वीज नाही, चार बंक, एक चूल आणि चाळीस पावलांवर संडास. बाबांना फायरची आवड, म्हणून मी ती निवडली होती. कॅन्सल करणार होते, पण बाबाच म्हणाले, “जाऊ की. बघू त्यांचं काम कसं हाय.”

चावी द्यायला मंडळाच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, आल्या होत्या, सत्तरीच्या, टणक. बाबांनी आत पाऊल टाकलं आणि सरळ चुलीच्या धुरांड्याकडे गेले. लाकडी भिंत आणि पत्र्याचा पाइप यांच्यातलं अंतर वितीने मोजलं. “कमी हाय,” म्हणाले. फ्राऊ केलर जर्मनमध्ये म्हणाल्या, दरवर्षी तपासून घेतो. बाबा मराठीत म्हणाले, वाळूची बादली कुठाय? त्यांनी बोट दाखवलं. मी मधे भाषांतराला तोंड उघडेपर्यंत दोघं बादलीपाशी पोचून वाळू ओली आहे की कोरडी ते बघत होते. “फॉयरवेअर?” फ्राऊ केलरनी मला विचारलं. मी म्हटलं, हो, फायर ब्रिगेडच. त्या संध्याकाळी बाबा त्या पितळी पट्टीला डोळा लावून सूर्य बुडेपर्यंत एकेक टेकडी बघत बसले होते. चौदा महिन्यांत त्यांना मी पहिल्यांदा कशात तरी रमलेलं बघितलं. मला आशा वाटली, आणि मग आणखी राग आला... की एवढा जीव आहे अजून यांच्यात, आणि हे म्हणतात झालं!

झोपण्याआधी मी माझा फील्ड रेकॉर्डर बाहेरच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कामाच्या जागी मला शांतता कधीच मिळत नाही. पहाटेची डोंगरावरची शांतता कशी ऐकू येते, एवढीच हौस होती.

सकाळी साडेसहाला जाग आली. चारही काचांना बाहेरून पांढरं फडकं लावावं असं धुकं. सागर घोरत होता. बाबांचा बंक रिकामा, बूट नाहीत. आणि आमची ईरा – वय वर्षं सहा – पांघरूण गुंडाळून खिडकीतल्या बाकावर बसलेली. ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते. मी इथे मराठीत लिहितेय.

“आजोबा कुठे गेले गं?”

“बाहेर.” मग म्हणाली, “ती बाई त्यांना ओरडली.”

“कोण बाई? फ्राऊ केलर आल्यात का?”

“नाही. आजोबा म्हणाले ‘इश गेहे’ (जातो). ती म्हणाली, तसं नाही म्हणायचं, ‘इश कोमे’ (येतो) म्हणायचं. पण मम्मा, ते तर जात होते ना? मग ‘येतो’ का म्हणायचं?”

मी अर्धवट झोपेत होते. मला वाटलं, शाळेतल्या व्याकरणाचं काहीतरी स्वप्न पडलंय. माझं लक्ष बुटांकडे होतं. संडासापर्यंत जाऊन हाका मारून आले, बाबा नव्हते. त्या माथ्याच्या पश्चिमेला खडकाचा कडा आहे, तिथे तारेचं कुंपणसुद्धा नाही. मी सागरला हलवून उठवलं. तो पायवाटेने खाली धावला, मी दारात उभी राहून “बाबाऽऽ” म्हणून ओरडत राहिले. धुक्यात आवाजाची दिशा कळत नाही हे मला व्यवसायाने माहीत आहे, तरी ओरडत होते. खरं सांगते, माझ्या मनात फार वाईट विचार आला होता. निरोप घ्यायला आलेला माणूस आणि तो कडा...

वीसेक मिनिटांनी बाबा आले. पश्चिमेकडून. गुडघ्यापर्यंत भिजलेले, पण चालणं स्थिर. त्यांनी चुलीकडे बघितलं आणि म्हणाले, “चहा ठेवला न्हाईस अजून?”

मी तोंडाला येईल ते बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही, सासरे आहेत. सागर धापा टाकत परत आला, त्याने फक्त त्यांचा हात धरला. चहा झाला. जरा हलकं वाटावं म्हणून मी हसत हसत ईराचं व्याकरण सांगितलं – की कुणी बाई म्हणे तुम्हाला ओरडली, ‘जातो’ नाही, ‘येतो’ म्हणायचं...

बाबांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा नकाशावर सांडला, तिकडे त्यांनी बघितलंही नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते सागरलाही माहीत नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खोलीत ते दोघंच होते. आईंनी त्यांना घरून स्वच्छ साडी आणायला पाठवलं. बाबा रात्रभर जागे, वैतागलेले. दारातून म्हणाले, “जातो.” आणि पडल्या पडल्या आई नेहमीसारख्या म्हणाल्या, “जातो नाही हो. येतो म्हणा.” लग्न झाल्यापासून त्या हेच सांगत आल्या होत्या आणि बाबा त्यांना चिडवायला मुद्दाम ‘जातो’ म्हणायचे. त्या दिवशीही ते हात हलवून तसेच गेले. साडी घेऊन परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

“येतो म्हटलो असतो,” बाबा म्हणाले, “तर थांबली असती.”

म्हणून ते निघताना काही बोलायचेच नाहीत. ‘जातो’ म्हणवत नव्हतं आणि ‘येतो’ म्हणायचा हक्क राहिला नाही असं त्यांना वाटत होतं. आणि मी मूर्ख, चौदा महिने समजत होते की हे आमच्यावर रागावलेत. त्या क्षणी मात्र मी रडले, ईरासमोर, मोठ्याने.

आमच्या घरात बाहेर पडताना सगळे ‘च्युस’, म्हणजे बाय, म्हणतात. मी मुंबईची, माहेरीही आम्ही ‘निघते’ म्हणतो. ईराला हे ‘येतो’ प्रकरण कुणीही, कधीही शिकवलेलं नव्हतं. मी तिला परत विचारलं, ती बाई दिसायला कशी होती?

“मला काय माहीत,” ईरा म्हणाली. “धुकं होतं.”

“मग ऐकू कसं आलं?”

“ती मोठ्यानेच बोलत होती.”

बाबा म्हणाले, आज दाराबाहेर आल्यावर मी मनात म्हटलं होतं, चला, जातो आता. मनात, तोंडाने नाही. मग वाट चुकलो, एका दगडावर बसलो. बरं वाटत होतं, बसून राहावंसं वाटत होतं. “पण मग वाटलं, कुणीतरी खोळंबलंय. उठलो.” एवढंच.

रेकॉर्डरची मला दुपारी, गाडीत बसल्यावर आठवण झाली. घरी येऊन हेडफोन लावले. ते रेकॉर्डिंग मी आजवर किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. आधी छपरावरून धुक्याचं पाणी ठिबकतंय – साधारण सेकंदाला एक थेंब. कडी वाजते. बाबांचे बूट पायरीवर. खोकला. मग अगदी हळू, पुटपुटल्यासारखं, “चला. जातो आता.” म्हणजे मनात नाही, बाबा ते तोंडाने म्हणाले होते. पुढे चार सेकंद कुणीही बोलत नाही. आणि मग परत बाबाच, चांगल्या खणखणीत आवाजात, जरा वैतागून... “हो. येतो. येतो म्हटलं ना!”

हे आपण म्हणाल्याचं बाबांना आठवत नाही.

आता मीच माझी कॉमेंट टाकते. ईराने काचेतून बाबांचेच दोन्ही शब्द ऐकले असतील आणि मधली बाई मनाने घातली असेल. असेल. पण मग हॉस्पिटलमधलं ‘जातो नाही, येतो म्हणा’ तिच्या मनात कुठून आलं? आणि दुसरं – त्या चार सेकंदांत छपराचे थेंब नाहीत. आधी आहेत, नंतर आहेत, मधले चार पडलेच नाहीत. माझा कलीग, फार हुशार माणूस आहे, म्हणाला, “साधं आहे, रेकॉर्डरचा ड्रॉपआउट, मधे रेकॉर्डिंगच तुटलंय.” मी म्हटलं, ड्रॉपआउट असता तर त्याच वेळची बाबांच्या बुटांची करकरही गेली असती. ती आहे. त्याने फाइल दोन दिवस ठेवून घेतली आणि ड्रॉपआउट नाही, एवढं सांगून परत केली.

केबिनवरून परतलो त्याच रविवारी संध्याकाळी बाबांनी स्वतः सागरला सांगितलं, मिरजेला फोन लाव. मी त्यांच्याबरोबर गेले. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आता दर तीन महिन्यांनी तपासणी आहे आणि आतापर्यंतच्या दोन्ही चांगल्या आल्या आहेत.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेले. माझ्याकडे स्पष्टीकरण नव्हतं, आजही नाही, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर खरंच लिहा, मी भांडणार नाही. पण बाबांनी ते ऐकावं असं मला फार वाटत होतं. हेडफोन पुढे केले, काय आहे ते सांगितलं. बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी हेडफोन हातात घेतले, जरा वेळ बघितले आणि माझ्या हातात परत दिले.

“तूच ऐक बाई,” ते म्हणाले. “मी होतो की तिथं.”