चिमटीची परीक्षा आणि कबीरची खुर्ची

पाळणाघरात मोजे हरवतात, टोप्या हरवतात, दुधाच्या बाटल्यांची झाकणं तर कुठे जातात देवालाच ठाऊक. किस्से मात्र हरवत नाहीत. ते फरशीवर सांडलेल्या केळ्यासारखे असतात. पुसलं असं वाटतं, आणि संध्याकाळी पाय चिकटतो!

कांदिवलीला एका सोसायटीच्या तळमजल्यावर शुभदाताईंचं पाळणाघर आहे. होम सायन्सची डिग्री घेतली आणि मी थेट तिथे रुजू झाले. घरच्यांना पहिला धक्का तिथेच बसला. मला मात्र जग बदलायचं होतं, आणि सुरुवात आठ-दहा महिन्यांच्या बाळांपासून करायची होती. मिक्सरमधून काढलेला लगदा चमच्याने कोंबणं बंद! बाळाने स्वतःच्या हाताने उचलून खायचं. वाफवलेल्या लाल भोपळ्याच्या बोटाएवढ्या फोडी, रताळं, पिकलेली पपई, इडलीचे लांब तुकडे. दात दोन असोत नाहीतर चार, बाळ हिरड्यांनी मस्त खातं. अट एकच. पदार्थ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत सहज चिरडला गेला पाहिजे. याला आम्ही 'चिमटीची परीक्षा' म्हणतो.

शुभदाताई म्हणाल्या, "मानसी, बाळं ऐकतील गं तुझं. मोठ्यांचं काय करणार आहेस?"

तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

*

पहिल्याच आठवड्यात एक बाबा डबा घेऊन आले. आत कच्च्या गाजराच्या कांड्या. एकसारख्या, सुबक, फूटपट्टी लावून कापल्यासारख्या. बाळाला दात किती? खाली दोन!

मी म्हटलं, "अहो, हे कच्चं आहे!"

"हो ना! शिजवलं की व्हिटॅमिन जातं. मी व्हिडिओ बघितलाय."

"तुकडा मोडून घशात अडकला तर व्हिटॅमिनचं काय करायचं?"

"अडकणार नाही हो, मी बारीक कापलंय."

माझा संयम संपला. म्हटलं, करा परीक्षा. दाबून दाखवा चिमटीत. माणूस जिमला जाणारा. त्यांनी दाबलं. चेहरा गाजराच्या रंगाचा झाला. कांडी सटकली, हवेत उडाली आणि शुभदाताईंच्या चहात पडली.

शुभदाताईंनी ती शांतपणे बाहेर काढली. "नापास," त्या म्हणाल्या. "गाजरही आणि बाबाही!"

*

त्याहून मोठा धक्का एका आजोबांनी दिला. नातवाला न्यायला आले होते, म्हणून मी त्याचे बूट शोधत होते. वळून बघते तर नऊ महिन्यांच्या नातवाच्या मुठीत भाजलेले चणे!

मी अक्षरशः झेप घेतली. मूठ उघडली, चणे काढले, तोंडात बोट फिरवून बघितलं. तोंड रिकामं होतं.

"आजोबा, चणे? ह्या वयात?"

"अगं, लोहासाठी. आमची सगळी पोरं चण्यांवर वाढली."

"घशात गेला असता तर? तुम्ही तरी चावू शकता का हे? खाऊन दाखवा बरं!"

आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी.

"मी कसा खाऊ? मला दात कुठे आहेत?"

*

आता कबीरच्या बाबांचा किस्सा. कबीर अकरा महिन्यांचा, दात चार, चेहरा एखाद्या सुखी नगरसेवकासारखा. त्याचे बाबा निखिल मालाडला बँकेत आहेत. पालकसभेत सगळ्यात पुढे बसून सगळं ऐकणारे. त्या सभेत मी घसा फोडून सांगितलं होतं, "बाळ खोकलं, ओकारी काढली, लाल झालं, तरी आवाज येतोय तोवर घाबरू नका. ते स्वतःच घास पुढे आणतंय. आवाज आला नाही, तर मात्र एक क्षण थांबायचं नाही!"

त्यानंतर चारच दिवसांत कबीरने पपईचा मोठा तुकडा तोंडात कोंबला. लाल झाला, खोकला, तुकडा बाहेर काढला, त्याच्याकडे रागाने बघितलं आणि पुन्हा खाल्ला. मी शेजारीच होते. विषय संपला.

थोड्या वेळाने दार धाडकन उघडलं. निखिल! गळ्यात आयकार्ड, शर्ट घामाने भिजलेला, मागे सोसायटीचा वॉचमन आणि त्याच्याही मागे भाडं मागणारा रिक्षावाला.

"कबीर कुठाय? श्वास चालू आहे ना?"

कबीरने त्यांना पपई देऊ केली.

झालं असं, की निखिलनी बँकेत बसून आमचा कॅमेरा मोबाइलवर बघितला होता. मी म्हटलं, "अहो, मी सांगितलं होतं ना, आवाज येतोय तोवर..."

"आवाज नव्हताच ना पण!" ते ओरडले.

कॅमेऱ्याला माइकच नव्हता!

*

तर हा कबीर आमचा स्टार. त्याचं ताट रोज चाटूनपुसून साफ. नव्या पालकांना मी तेच ताट दाखवायचे. बघा, चार दात, भोपळा गायब!

एक दिवस निखिल म्हणाले, "मानसी, तुम्ही म्हणता तो सगळं खातो. मग घरी आल्यावर दुष्काळातून सुटून आल्यासारखं का करतो? काल माझ्या हातातली पोळी ओढली."

मी लगेच लेक्चर दिलं. ग्रोथ स्पर्ट! वाढीचं वय! दुसऱ्या दिवसापासून कबीरला दुप्पट फोडी सुरू केल्या. दुप्पट ताटही साफ! घरची तक्रारही बंद. मी इतकी खूश, की विचारू नका.

आणि कबीरच्या शेजारच्या खुर्चीत बसायची ओवी.

*

ओवीच्या घरची गोष्ट उष्टावणापासून सांगायला हवी. पहिला घास मामाने भरवायचा, आणि मामा मालवाहू जहाजावर. तो येईपर्यंत अन्न द्यायचं नाही, असं ओवीच्या मालवणी आजीने, बाबांच्या आईने, ठरवलं. ओवीची आई प्रज्ञा हादरली. शेवटी तोड निघाली व्हिडिओ कॉलची. मामाने कुठल्याशा समुद्रातून खिरीचा चमचा कॅमेऱ्याला टेकवला. इकडे आजीने मोबाइलच्या काचेवरून बोट फिरवलं, ते घरच्या खिरीत बुडवलं आणि थेट ओवीच्या तोंडात!

मी किंचाळलेच. "मोबाइलची काच? प्रज्ञा, काच पुसली तरी होती का?"

"पुसली होती गं," प्रज्ञा म्हणाली. "आईंच्या पदराने."

तेव्हापासून आजी ओवीला मांडीवर घेऊन पेज भरवत. आमच्याकडे मात्र दहा महिन्यांची, दोन दातांची ही मुलगी भरलेल्या ताटासमोर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची. पासपोर्ट ऑफिसात नंबर लागायची वाट बघत असल्यासारखी. भोपळा दिला, रताळं दिलं, तुपात परतलेल्या मऊ इडलीचे तुकडे दिले. फोडी मोडून बघितल्या, लांब कापून बघितल्या. काही उपयोग नाही. लहान मुलाच्या तोंडाकडे टक लावून बसलं की ते बुजतं, असं मी शिकले होते. म्हणून मी तिच्याऐवजी तिच्या ताटावर नजर ठेवायचे. एक फोड हलायची नाही!

"तोंड तर सारखं हलवते," शुभदाताई म्हणायच्या. "दात येत असतील."

गंमत म्हणजे वजन व्यवस्थित वाढत होतं. डॉक्टर म्हणाले, काळजी नको. पण आजीला डॉक्टरांशी घेणंदेणं नव्हतं. रोज संध्याकाळी त्या विचारत, "आज काय खाल्ल्यान?" आणि प्रज्ञा मान खाली घाली.

प्रज्ञा अंधेरीला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बाळंतपणानंतर पुन्हा कामावर जायला ती घरी किती भांडली, ते मला माहीत होतं. एका गुरुवारी ती ओवीला न्यायला आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"आई उद्या इथे येऊन बसणार आहेत. त्यांच्यासमोर ओवीने खाल्लं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मी घरी."

"म्हणजे? नोकरी सोडणार? एका भोपळ्यासाठी?"

"भोपळ्यासाठी नाही गं. घरात सगळेच तेच म्हणतात. मी एकटी किती दिवस भांडू?"

मला इतका संताप आला, की घरी गेल्यावर मीही जेवले नाही.

*

शुक्रवारी आजी आल्या. नऊवारी, हातात पिशवी, नजर इन्स्पेक्टरची. आल्या आल्या त्यांनी कमरेची पुडी सोडली. मीठ!

"आजी, नाही! बाळांना वरून मीठ नाही घालायचं."

"मगे चेडू जेवात कसा? ह्यात चव खंय असा?"

मी पुडी काढून घेतली. शुभदाताईंनी डोळ्यांनीच मला 'जपून' म्हटलं.

आमचं टेबल बुटकं, लांब. बाळांना छोट्या खुर्च्या, मोठ्यांना जमिनीवर पाट. त्या दिवशी कबीर नव्हता. सर्दी झाली म्हणून घरीच होता. म्हणजे आजीला दाखवायला आमचा स्टारही नाही! मी ओवीसमोर ताट ठेवलं. लाल भोपळा, इडली, केळं. माझ्या आयुष्यात मी कुठल्याच परीक्षेला इतकी घाबरले नव्हते.

ओवीने ताटाकडे बघितलं. हात मांडीवर ठेवले. मग डावीकडे कबीरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि भोकाड पसरलं.

तोंड हलवणंसुद्धा बंद!

बाकीची बाळं खाऊन निघाली. ओवीचं ताट तसंच. आजीने पिशवीतून मोबाइल काढला.

"बघलंस? चेडवाक उपाशी ठेवतत. आताच प्रज्ञाक फोन करतंय."

"आजी, पाच मिनिटं," मी म्हटलं.

"पाच मिनटांनी काय भोपळो उडान तोंडात जातलो?"

शुभदाताई मध्ये पडल्या. "आजी, फोन करा, कोण नाही म्हणतंय? पण आमच्याकडे मोठी माणसं बाळांबरोबर जेवतात, हा नियम आहे. आलात तशा चार घास खाऊन जा."

पाहुणचाराला नाही म्हणणं आजीच्या रक्तात नसावं. त्या कुरकुरत उठल्या. ओवीच्या शेजारी जागा एकच होती. "कबीर सर्दीने घरी आहे, बसा त्याच्या जागी," म्हणत शुभदाताईंनी त्याची खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, तिथे पाट मांडला आणि आजीसमोर तेच ताट ठेवलं. भोपळा, इडली, केळं, बिनमिठाचं.

आजीने भोपळ्याची फोड उचलली, हुंगली, परत ठेवली. "ह्या काय माणसाचा जेवण?" त्या म्हणाल्या आणि एका हाताने मोबाइलवर प्रज्ञाचा नंबर लावू लागल्या.

तेवढ्यात उजवीकडून एक इवलासा हात आला. आजीच्या ताटातली फोड त्याने उचलली, आणि ती ओवीच्या तोंडात गेली!

मी हलले नाही. शुभदाताई हलल्या नाहीत. हात पुन्हा आला. इडली. मग केळं. मग पुन्हा भोपळा. स्वतःचं भरलेलं ताट समोर ठेवून ही मुलगी आजीचं ताट एकेक करून रिकामं करत होती. सराईतपणे, न बघता!

मी भिंतीशी ठेवलेल्या कबीरच्या खुर्चीकडे बघितलं. मग शुभदाताईंकडे. त्यांनी कपाळावर हात मारला.

मोबाइलमधून प्रज्ञाचा रडवेला आवाज येत होता, "आई? आई, खाल्लं का हो तिने? बोला ना!"

आजी रिकाम्या ताटाकडे बघत होत्या. मग त्यांनी ओवीचं भरलेलं ताट हळूच स्वतःसमोर ओढलं आणि रिकामं तिच्यापुढे सरकवलं. हात लगेच आला.

आजीने फोन न बोलता बंद केला आणि माझ्याकडे वळून दरडावलं, "गो पोरी! त्या झिलाची सर्दी सोमवारपर्यंत बरी झाली नाय, तर माका कळव. मी येऊन बसतंय!"