उजेडात धरलेली पट्टी

पुलापर्यंत आलो तेव्हा मामांना धाप लागली होती, तरी थांबायचं नाव नव्हतं. कारखान्यातून घरी आम्ही दोघं रोज चालतच येतो.

हा कारखाना मामांनी मामीच्या स्वयंपाकघरात सुरू केला. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांना जेलच्या, म्हणजे जेलीसारख्या मऊ पदार्थाच्या पातळ पट्ट्या लागतात. त्यांवर विजेच्या प्रवाहाने रक्तातली प्रथिनं वेगळी होऊन त्यांच्या रेघा उमटतात. मामी म्हणायची, "माझी पातेली गेली, पण नवरा तरी घरात राहिला!"

पुढे कामगार वाढले, यंत्रं आली, तरी प्रत्येक पट्टी मामा स्वतः उजेडात धरून बघतात. आत बुडबुडा राहिला तर रेघ वाकडी उमटते, आणि धडधाकट माणसाच्या अहवालात आजार दिसतो. एका बुडबुड्यापायी त्यांनी एकदा पाठवलेला सगळा माल परत मागवला होता. त्यांच्या नजरेत देवच बसलाय, असं मला वाटायचं.

आज मात्र एक बुडबुडा त्यांच्या नजरेतून सुटला. मी ती पट्टी हळूच काढून घेतली.

शेवटी पुलाच्या कठड्याला टेकून मामा म्हणाले, "गुपचूप काढलीस ना ती?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून," मी म्हणाले.

"अगं, माझा मान राखायला जाशील आणि कुणाचा तरी जीव टांगणीला लावशील. उद्यापासून पट्ट्या बघायला दिव्यापाशी तू बस. मला हवं तर चहा करायला ठेव."