नजर मिळाली का?

आत्याला ज्या गाडीची भीती वाटायची, त्या गाडीने तिला काहीच केलं नाही.

मारलं ते एका साध्या टेम्पोने. त्यात ड्रायव्हर होता. धडधाकट, चांगला जागा.

आज महिना झाला. रस्ता ओलांडायचा म्हटलं की अजून मी कडेलाच थांबते.

कुंदाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. जन्म ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला, सासरही लष्करातलंच. रस्ता कसा ओलांडायचा हे मला तिनेच शिकवलं. पंजा वर धरायचा आणि ड्रायव्हरच्या थेट डोळ्यांत बघायचं.

"नजर मिळाली का? मिळाली तर चल. नाहीतर बिलकुल हलायचं नाही, बेटा."

पुण्याची मित्रमंडळी हसतात. "नजर मिळाली काय गं? नजरानजर म्हण." काय करणार, आमची ग्वाल्हेरी मराठी हिंदीच्या मांडीवर वाढलेली.

गंमत म्हणजे आज माझी नोकरी हीच आहे. ड्रायव्हर नसलेली गाडी पायी चालणाऱ्याला कसं सांगणार, की मी थांबलेय, तू जा? आमच्या गाडीला पुढे लाईटची पट्टी आहे. हिरवी झाली की चालायचं. माणसं त्या पट्टीकडे खरंच बघतात का, हे कळायला आम्ही त्यांना कॅमेरे लावलेला चष्मा घालतो. नजर जाईल तिथे लॅपटॉपवर लाल ठिपका सरकतो.

वयस्कर माणसं मिळेनात, म्हणून आत्याला घेऊन गेले.

"डोळेच तपासायचे ना? ते तर कंपूतल्या इस्पितळात मोतीबिंदूच्या वेळी झाले की!"

आमच्या लॅबच्या कॅम्पसमधल्या बंद रस्त्यावर गाडी हळूहळू आली. स्टिअरिंगमागे कोणी नाही. मागे आमचा इंजिनियर ब्रेकचं बटण हातात घेऊन बसलेला असतो, पण बाहेरून तो दिसत नाही.

आत्याने सवयीने पंजा वर केला. गाडी थांबली. पट्टी हिरवी झाली.

आत्या हलेना.

मग त्या रिकाम्या सीटला म्हणाली, "भैया, इधर देख तो लो!"

रस्त्यावर अनोळखी माणसाशी हिंदीतच बोलायचं, ही इथली सवय. आम्ही पोट धरधरून हसलो. ती नाही हसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बेटा, मला डर लागतोय. ह्याच्यात कोणी बघणारंच नाही."

मी रस्त्याच्या पलीकडून 'ये' म्हणून मान हलवली. तेव्हा कुठे ती आली.

घरी येताना मी तिला समजावलं. मशीन झोपत नाही, दारू पीत नाही, मोबाईल बघत नाही. ती एवढंच म्हणाली, "असेल."

आणि मग तो दिवस. बाड्याजवळ, बाजाराच्या चौकात, भर दुपारी. मी रस्त्याच्या पलीकडे तिची वाट बघत उभी होते. तिने पंजा वर केला. टेम्पोवाल्याचा चेहरा सरळ तिच्याकडे होता.

"मिळाली!" ती मला ओरडून म्हणाली. अगदी खुशीत.

आणि रस्त्यावर उतरली.

त्याचा मोबाईल समोरच्या काचेला अडकवलेला होता. त्यावर काहीतरी चालू होतं. चेहरा आत्याकडे, डोळे मोबाईलवर.

नंतर तो रस्त्यातच बसून रडत होता. "मैडम, मैंने देखा ही नहीं."

तेव्हापासून मला कोणाच्याच डोळ्यांचा भरवसा वाटत नाही. ऑटोवाला मान हलवतो, हात दाखवतो, तरी मी उभीच. मागून लोक ओरडतात, "अरे मैडम, निकलो!" पाय उचलतच नाही. आणि आमची ती गाडी? तिचीही भीती वाटते. आता सगळ्याचीच वाटते.

काल लॅबमध्ये आत्याचं रेकॉर्डिंग उघडलं. नको बघूस म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं.

लाल ठिपका हिरव्या पट्टीवर एकदाही थांबत नाही.

काचेवर जातो. रिकाम्या सीटवर फिरत राहतो, काहीतरी हरवल्यासारखा.

मग रस्त्यापलीकडे येतो. माझ्या चेहऱ्यावर.

तिथे थांबतो.

तिने पट्टीवर विश्वास ठेवलाच नव्हता. गाडीवरही नाही. ती माझ्या भरवशावर चालत आली होती.

उद्या चष्मा घालायला नवी माणसं येणार आहेत. त्यांतही कोणाची तरी आत्या असेल. ती घाबरून माझ्याकडे बघेल आणि मला मान हलवावी लागेल.

कशाच्या भरवशावर हलवू?

भावपूर्ण श्रद्धांजली सगळ्यांनी लिहिली. माझी भेदरलेली आहे, आत्या. तीच घे.

सावकाश जा.