कट्ट्यावरची मशेरी

ब्रशनं हिरड्या दुखायला लागल्या तेव्हा आनंदीबाईंनी ब्रशलाच दोष दिला. ब्रशची सवय सुनेनं लावलेली. बालेवाडीची जमीन बिल्डरला गेली, तिच्यावरच उभ्या राहिलेल्या इमारतीत फ्लॅट मिळाला, मुलाचं, साईनाथचं, लग्न झालं आणि हिंजवडीच्या कंपनीत जाणारी तेजस्विनी घरात आली. तिनं बेसिनपाशी प्रत्येकाचा वेगळा ब्रश ठेवला. आनंदीबाईंना तो फारच मऊ वाटला. मऊ ब्रशानं काय निघतंय, म्हणून त्यांनी दुकानातून कडक आणला आणि तवा काथ्यानं घासावा तसे दात घासू लागल्या. थुंकी लाल पडे. सून बघायच्या आत त्या नळ सोडून देत.

मग त्या खाली उतरत. पार्किंगच्या मागे, पूर्वी त्यांचा गोठा होता तिथं, सिमेंटचा कट्टा होता. जुन्या शेजारीण सोजरबाई मशेरीची डबी घेऊन बसलेल्या असत. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, बोटावर घेऊन हिरडीवर फिरवायची. दुखणं लगेच हटे.

"तुझ्या सुनंच्या ब्रशापरीस हे बरं," सोजरबाई म्हणत.

बोट तोंडात ठेवूनच सगळं गाव बोलून होई. कुणाची वाटणी झाली, कुणाची सून माहेरी जाऊन बसली. बाकी दिवसभर लिफ्टमधली माणसं नमस्ते म्हणत आणि आपापली दारं लावून घेत.

पुढचा दात हलायला लागला तेव्हा तेजस्विनी रजा टाकून त्यांना दाताच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"तंबाखू खाता का, आजी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"न्हाय बाई. आमच्यात बाया तंबाखू खात न्हाईत."

"आई, आणि ती सकाळची डबी?" तेजस्विनी म्हणाली.

"ती मशेरी हाय. दाताला लावायची."

"कशाची करता ती?"

"तंबाखू भाजून," आनंदीबाई म्हणाल्या आणि आपलाच शब्द त्यांच्या कानावर पडला. उभा जन्म स्वतःच्या हातानं भाजली होती त्यांनी.

डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवलं. दातांच्या मुळाशी दगडासारखा थर बसला होता. त्यानं हिरडी सुजत होती, रक्त येत होतं. वरून कडक ब्रश रेटल्यामुळे ती सोलवटली होती. "मशेरीनं हिरडी बधिर होते, म्हणून बरं वाटतं. आतून ती दात सोडत चाललीय. थर मी काढते. हलणाऱ्या दाताचा भरवसा देता येत नाही, पण मशेरी चालू राहिली तर शेजारचेही जातील."

परतताना रिक्षात तेजस्विनीनं विचारलं, "सोडाल ना, आई?"

"सोडीन गं. पण सोजरला काय सांगू?"

"त्यात सांगायचं काय?"

हिला कसं सांगावं, ते आनंदीबाईंना सुचेना.

दुसऱ्या दिवशी त्या मऊ ब्रश तोंडात धरूनच खाली गेल्या. सोजरबाईंनी वर-खाली पाहिलं. "आता फेसातनं बोलनार व्हय?"

त्यात खोटं काही नव्हतं. मशेरी लावून तासभर बोलता येतं, ब्रशनं एक शब्द धड निघत नाही. आनंदीबाई वर गेल्या, चूळ भरली आणि परत येऊन कट्ट्यावर टेकल्या. सोजरबाईंनी डबी पुढं केली. त्यांनी ती हातानंच मागं सारली.

"डाक्टरीण नको म्हनली. तंबाखूच ती."

"मंग हितं काय करनार, रिकाम्या तोंडानं?"

"बसनार."

"बस. सुनंचं ऐकायला लागलीस म्हनायची."

सोजरबाईंनी चिमूट घेतली आणि तोंड भिंतीकडं वळवलं. भाजक्या तंबाखूचा वास आला. आनंदीबाईंचं बोट आपसूक ओठांशी गेलं. त्यांनी ते खाली आणून पदरात गुंडाळून धरलं. रखवालदार गाड्या पुसत होता, ते दोघी बघत राहिल्या. उठावं का, असं आनंदीबाईंच्या मनात आलं.

सोजरबाई नाल्याच्या बाजूला थुंकल्या, पुन्हा बोट तोंडात घातलं आणि त्यातूनच म्हणाल्या, "रंगरावच्या धाकट्याचं कळलं का तुला?"

आनंदीबाईंनी पाय वर घेऊन मांडी घातली.

"न्हाय. सांग."