साडूला इंजेक्शन, मला सोडा

लाँड्रीवाल्याला आमच्या गल्लीत सगळे ‘कडक’ म्हणतात. त्याने इस्त्री केलेली कॉलर मान वळवू देत नाही, आणि त्याची स्वतःची मानही सहसा वाकत नाही. जळायचा मात्र तो एकाच माणसावर. त्याचा साडू, चौकातला चष्मेवाला. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे बातम्या ताज्या मिळत. साडूने पंखा घेतला की याला घरात उकडायला लागे.

पुढे दोघांच्याही किडन्या रक्तदाबापायी कुरकुरू लागल्या. “आजारसुद्धा मला एकट्याला मिळू देत नाही मेला!” कडक म्हणाला.

डॉक्टरीणबाईही एकच. साडूच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून त्याला इंजेक्शनं सुरू झाली. ती फ्रीजमध्ये ठेवावी लागतात, हे त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. कडकच्या रक्तात ॲसिड साचलेलं निघालं. त्याला मिळाल्या साध्या पांढऱ्या गोळ्या.

“कसल्या आहेत या?” त्याने औषधवाल्याला विचारलं.

“सोड्याच्या.”

झालं! सोडा तर तो जन्मभर धुण्याच्या टाकीत मुठीमुठीने टाकत आला होता. साडूला थंडगार सुई आणि आपल्याला धुण्याचं सामान? हा सोडा वेगळा, तो वेगळा, असं औषधवाला सांगत होता, पण ऐकतो कोण! बाटली इस्त्रीच्या टेबलाखाली गेली, आणि बहिणींमार्फत साडूकडे निरोप गेला की कडकलाही इंजेक्शन चालू आहे. जरा जाड सुईचं.

काही महिन्यांत कडक पार मऊ पडला. जेवण नको, दंड वाळलेले, दोन शर्टांना इस्त्री केली की धाप. नवा रिपोर्ट पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. साडूही तपासून घ्यायला आला होता, तो दारातच रेंगाळला. असली संधी तो बरी सोडेल!

“काका, ॲसिड वाढलंय आणि किडनी आणखी घसरलीय. गोळ्या घेता ना?”

“घेतो की.”

“मग गोळ्यांनी भागत नाही म्हणायचं. डायलिसिससाठी छोटं ऑपरेशन करून हाताची शीर तयार करायला हवी.”

कडकने हात पाठीमागे लपवला. इस्त्रीचा हात तो.

“सोड्याच्या गोळ्या का?” साडू मध्येच बोलला. “मला तर चांगल्या मानवल्या. वर्ष झालं.”

“तुम्ही घेता?” कडक ओरडलाच. “माझ्या आधीपासून?”

“इंजेक्शन रक्तासाठी हो, साडूभाऊ. किडनी सांभाळायला सोडाच.”

मग मात्र कडकने सगळं ओकलं. डॉक्टरीणबाईंनी आधी झाडलं, मग समजावलं. थकलेली किडनी ॲसिड बाहेर टाकू शकत नाही. ते साचलं की हाडं आणि स्नायू झिजवतं, आणि उरलीसुरली किडनीही लवकर थकवतं. “गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू. शिरेचं पुढच्या रिपोर्टनंतर बघू.”

त्या दिवसापासून एक गोळी चुकली नाही. साडू वर्षभर पुढे होता ना!

पुढच्या रिपोर्टात ॲसिड उतरलं होतं, किडनी होती तिथेच थांबली होती. शीर तूर्तास लांबणीवर पडली. बायकोने डोळे पुसले.

“आणि साडूचा आकडा?” कडकने विचारलं.

“दुसऱ्याचा रिपोर्ट सांगत नाही आम्ही, काका.”

“चला ना घरी,” बाहेर आल्यावर बायको म्हणाली.

“तू हो पुढे,” तो बाकावर ऐसपैस बसत म्हणाला. “साडूभाऊ आत गेलेत, बाहेर येऊ देत.”